लेखनसंख्या : तीन

बोनेट उघडं. धैर्यशील भोईटे बाजूला उभा,
हातात चावी, चावीला लोकरीचा गोंडा.
"काय केलं नाय ओ मॅडम गाडीला.
पुण्यावरनं येताना खंबाटकीत
शिट्टी वाजली नुसती, मग धूर."

मी लॅपटॉप जोडते. डॅशबोर्डखाली वाकताना
उदबत्तीचा वास येतो, आणि जळक्या ऑइलचा.
आतलं सगळं मूळचं. दाब मूळचा, इंधन मूळचं,
भांग पाडून पहिल्या बाकावर बसवलेल्या पोरासारखं.
फक्त खाली कोपऱ्यात एक आकडा,
गाळ्यातल्या कुणाला न पुसता आलेला:
या मेंदूवर आजवर किती वेळा लिहिलं गेलं.
तीन.

एकदा कारखान्यात.
एकदा कुपवाडच्या गाळ्यात,
चौदा हजारांत, बिल नाही, वर चहा.
आणि एकदा काल रात्री,
दुसऱ्यांदा लिहिलेलं पुसायला.

टर्बो खोलून घेते. पाती
अडकित्त्यात सापडल्यासारखी. शाफ्ट निळा पडलेला.
सातव्या रकान्यात लिहिते:
बाहेरून केलेला बदल. बिघाड त्यामुळेच. दावा नामंजूर.
एक लाख बारा हजार, मजुरी वेगळी.
त्याच कागदावर, त्याच पेनानं:
डाव्या काचेची मोटर, मंजूर.
काचेचा नि टर्बोचा काही संबंध नाही,
तेवढी वॉरंटी शाबूत आहे तुमची.
तो हसतो. "म्हणजे वारा फुकट."

मग जरा थांबून,
"गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला दिलेली,
तवा तुम्हीच चालवून बघितली ना?"

यवतेश्वरच्या घाटात, तिसऱ्या वळणावर,
दुसऱ्या गिअरला, पाय नुसता टेकवलेला
आणि पाठ सीटला चिकटली.
आरशात सातारा एकदम लांब गेला.
बारा वर्षं लोकांच्या गाड्या फिरवून आणते मी,
हे कारखान्यातलं नव्हे
हे तिथंच कळलं होतं.
तिथूनच वळवायची असते गाडी.
मी पुढचं वळण घेतलं. गरज नव्हती.
मग आणखी एक.
खिडकीतून कारवीचा वास, आणि घाटात
माझाच हसण्याचा आवाज.

खाली येऊन सांगायचं होतं,
हे काढून टाका, उद्या काही झालं तर
कंपनी हात वर करेल.
दोन ओळी. चहाच्या आधी सांगून झाल्या असत्या.

"हो," म्हणते, "मीच चालवलेली."
तो मान हलवतो. भांडत नाही.
सही करतो, तारीख घालायची विसरतो.

संध्याकाळी टोचन आलं.
चढवलेल्या गाडीत बसून त्यानं
नवी काच दोनदा खाली-वर करून बघितली,
आणि देगाव फाट्याकडं गेला.

शटर ओढायच्या आधी मी
गेल्या महिन्याचा कागद फाइलीतून काढते.
चाचणी, नऊ किलोमीटर. शेरा: गाडी ठीक.
अक्षर माझंच.
एकदाच लिहिलेलं.