आटे

आमच्या गावाची हद्द मेपल स्ट्रीटच्या मधोमध आहे,
चौतीस नंबरच्या टपालपेटीपाशी.
एरवी दिसत काही नाही. बर्फ पडला की कळतं.
कॅसिमिर तिथवर येतो, बर्फ-नांगराचं पातं उचलतो,
गाडी वळवून परत जातो.
पलीकडून टॅगर्टचा माणूस येतो,
तोही तिथंच पातं उचलतो.
मध्ये उरतो गुडघाभर बर्फाचा बांध,
आणि चौतीस नंबरच्या मिसेस ग्विलिम
दर हिवाळ्यात दोन्ही नगरपालिकांना एकच तक्रार पाठवतात,
कार्बन लावून.

काल सभा झाली, आमच्या अग्निशमन केंद्रात.
त्यांचं केंद्र तिथून दिसतं, खिडकीतून.
खाण बंद पडली तेव्हाची माणसं आता थोडी,
दोन्ही गावं मिळून चार हजार एकशे.
बंब मात्र पाच. पोलीसप्रमुख दोन,
आणि दोघांनाही मांजरापलीकडे फारसं काही सापडत नाही.
हॅरिसबर्गहून आलेला सल्लागार तरुण होता,
पडद्यावर त्याची रंगीत वर्तुळं एकमेकांत सरकत होती.
‘एकत्र’ हा शब्द त्यानं इतक्यांदा उच्चारला
की मागच्या रांगेत कुणीतरी मोजायला लागलं.

मग आयलवर्ड प्रोसर उठले. काठीवर.
एकसष्ट साली बेकरी पेटली, म्हणाले,
त्यांचा बंब चार मिनिटांत आला,
आणि त्यांची नळी आमच्या नळाला बसेना.
पाणी होतं. माणसं होती.
आटे जुळेनात.
दोन बंब उभे, आणि पाव जळाल्याचा वास
माझ्या बहिणीच्या लग्नापर्यंत येत होता.
‘आटे तुमचे उलटे होते,’ टॅगर्टकडच्या खुर्च्यांतून आलं.
‘तुमचे!’
बेकरीच्या जागी आता पार्किंग आहे.

कुणी म्हणालं, दोन घरचा पाहुणा उपाशी.
एकच पोलीस ठेवलात तर रात्री तो असणार कुठं?
पाहुणा कसला, कॅसिमिर पुटपुटला,
दोन्ही घरी चूल कुठं पेटतेय.

मी इतिवृत्त लिहीत होते.
पान सात, ओळ चौथी:
लिपिक, दोनऐवजी एक. वार्षिक बचत एक्केचाळीस हजार डॉलर.
हात थांबला नाही. अठ्ठावीस वर्षांचा सवयीचा हात,
त्याला काय लिहितोय ते विचारायची पद्धत नाही.
समोरच्या टोकाला लोर्ना स्टॅनकेविच, त्यांची लिपिक,
तीही त्याच ओळीवर असावी,
कारण तिनं मान वर केली.

आमचं सामाईक अकरा वर्षं चालू आहे,
ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही.
शाई संपली की तिची येते.
कुत्र्यांच्या परवान्याचे कागद माझे जातात,
गावाचं नाव तेवढं आम्ही खोडतो.
तिची आई इस्पितळात होती ते नऊ दिवस
तिचे फोन मी घेतले.
‘टॅगर्ट नगरपालिका, बोला,’
माझ्या तोंडून, केर्नवुडच्या खुर्चीतून.
पहिल्या दिवशी जीभ अडखळली.
ओळखलं मात्र कुणीच नाही.
एकानं तर म्हटलं, आज तुमचा आवाज बरा वाटतोय.

निर्णय मार्चवर गेला.
अभ्यास समिती नेमायचं एकमतानं ठरलं.
प्रत्येक गावाची वेगळी.

बाहेर बर्फ सुरू झाला होता.
काच खरवडायचं पातं तिच्याकडं एकच,
आधी माझी काच, मग तिची.
सातव्या पानाबद्दल ती बोलली नाही,
मीही नाही, निदान पहिली काच होईपर्यंत.
मग तिनं पातं हातमोज्यावर आपटलं.
‘एक्केचाळीस लिहिलंस?’
‘हो.’
‘माझ्याकडं बेचाळीस आहे.’
‘मग दुरुस्त करू सकाळी.’
‘कुणाचं?’

दोन्ही इंजिनं सुरू होती, तापत.
मेपल स्ट्रीटवरून कॅसिमिरचा पिवळा दिवा
हळूहळू चौतीस नंबरकडे निघाला होता.