काचेतलं सूत

मंगळवार बाजारात, गंजक्या पंख्यांच्या ढिगाखाली,
गोणपाटात गुंडाळलेला मिळाला तो दिवा.
बंद मिलच्या मॅनेजरच्या बंगल्यातला, म्हणे.
बुडाशी कागदी शिक्का : इटली, मुरा—
पुढचं झुरळांनी खाल्लेलं.

भूमय्या गुर्रमनी तो उजेडाला धरला.
चाळीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच केलेला माणूस;
काचेत पिळून बसलेले पांढरे धागे दिसले
तसं खिशातून सूत मोजायचं भिंग काढलं.
"इंचाला बावीस," म्हणाले,
"आणि एक बी तुटला नाही बे."

मी होल्डर बदलला, नवी वायर ओवली.
ते बेट भट्ट्यांचं आहे, चहूकडे पाणी,
एवढंच मला ठाऊक.
करणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.
"असंल कसं?" ते हसले.
"माझा मोर किती घरांत अंगावर घेऊन झोपतात,
कोण विचारतंय कुणी काढला?"

बटण दाबलं.
भिंतीवर, मीटरच्या पेटीवर, त्यांच्या बनियनवर
सावलीचं सूत पसरलं.
तळव्यावर पडलेली एक रेघ
त्यांनी चिमटीत धरून पाहिली.
"गाठ कुठं मारली असंल त्यानं?"

तेवढ्यात लाइट गेली.
अंधारात भिंग पुसल्याचा आवाज येत राहिला.