खालची उजवी दाढ

पौषात दाढ ठणकायला लागली.
ग्वाल्हेरची थंडी हाडात शिरते म्हणतात,
माझ्या ती दाढेत शिरली.
दौलतगंजात कोपऱ्यावर गजक कुटत होते,
घणाचा एकेक ठोका
मला खाली उजवीकडे लागत होता.

मी ब्लाउज शिवते. चोवीस वर्षं
दोरा दातानेच तोडत आले,
कात्री हाताशी असते, तरी.
आता दोरा डावीकडे नेते
आणि टाका सुटतो.
शेजवलकरांच्या सुनेने बाही परत आणली,
म्हणाली, काकू, हल्ली तुमचा हात…
हात नाही गं,
हे मी म्हणाले नाही.

पहिल्या दवाखान्यात फॉर्म होता.
मधुमेह, रक्तदाब, दमा, इतर.
इतरपुढे मी खरं लिहिलं.
तिथल्या मुलीने वाचलं, आत गेली,
बाहेर आली तेव्हा मी वापरलेलं पेन
दोन बोटांत धरलं होतं,
मेलेला उंदीर धरावा तसं.
मशीन बंद आहे म्हणाली.
आत मशीन घूं घूं करत होतं.

दुसरे आपलेच, मराठी.
गणपतीत आरतीला शेजारी उभे असतात.
बसा म्हणाले. चहा मागवला,
स्वतःला कपबशीत, मला कागदी कपात.
वहिनी, माझं काही नाही हो,
पण बाकीचे पेशंट…
शेवटचा नंबर देतो, रात्री साडेनऊ.
नऊची गोळी घेऊन गेले.
शटर अर्धं खाली. खुर्चीला प्लास्टिक,
दिव्याला, नळाला, दाराच्या मुठीला,
नव्या सोफ्याला गुंडाळतात तसं.
त्यांनी आरसा ओठापर्यंत आणला
आणि म्हणाले, सूज आहे, आधी औषध घ्या.
आत बघितलंच नाही.

चपला घालताना मी विचारलं,
माझ्या आधी जो बसला होता
त्याने फॉर्मवर काय लिहिलं होतं?
काहीच नाही?
मग त्याच्यानंतर हत्यारं उकळली नाहीत का?

खोटं कशाला बोलू.
हे मी विचारलं नाही.
हे घरी सुचलं, दाढेत लवंग दाबताना.

माझ्याकडे एक कागद आहे
सरकारी शिक्क्याचा, घडीवर फाटलेला:
रक्तात विषाणू सापडत नाही.
नऊ वर्षं रोज नऊची गोळी,
म्हणून मशीनला तो सापडत नाही.
काउंटरवरच्या मुलीला लगेच सापडतो.

मग गोळ्या देणाऱ्या सुलक्षणाने चिठ्ठी लिहून दिली,
डेंटल कॉलेज, बुधवार, दुसरा मजला.
भिंडचा मुलगा, भदौरिया,
अजून मिशाही नीट न आलेला.
त्याने फॉर्म पूर्ण वाचला.
गोळी चुकते का? रक्त लवकर थांबतं का?
बस्स, एवढंच.
मी हातमोजे मोजले.
एकच जोडी. शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला होती तशीच.
मुँह खोलिए, अम्मा.

त्याचा हात कापत होता.
झालं, म्हटलं मनात, हाही.
जीभ जड झालेली, तरी विचारलं,
भीती वाटते?
पहली दाढ़ है, अम्मा, तो म्हणाला.
आपकी नहीं, मेरी.

इतकी हसले मी
की त्याला सुई बाजूला ठेवावी लागली.

दाढ ट्रेमध्ये पडली, टण् असा आवाज.
मला द्याल का?
लहानपणी आम्ही दात कौलांवर फेकायचो.
नाही मिळत म्हणाला, पिवळ्या पिशवीत जाते.
म्हाताऱ्याची दाढ आधीच तिथे होती.

बोळा चावत चालत आले.
कोपऱ्यावर पाव किलो गजक घेतलं,
आठवडाभर खाता येणार नाही हे माहीत असून.
बाही मशीनवर पडली आहे.
बघू उद्या.