अंगठ्याची भेग भरू नये

पाचगणीत दगड करायचा तर आधी
पावसाशी बोलून घ्यावं लागतं.
जूनच्या आधी भिंतींना गवताच्या झडपी बांधतात इथे.
माझ्या पुतळ्यांना कसली झडप?
ते शाळेच्या फाटकाशी, उघडे.

थर्माकोल. खुराड्याची जाळी.
पांढऱ्या सिमेंटात बुडवलेलं गोणपाट,
वर पुट्टी, पुट्टीत चाळलेली वाळू,
मग काळा, मग राखाडी,
मग जवळजवळ कोरड्या ब्रशाने पांढरा,
नुसता उंचवट्यांना चाटून जाईल एवढाच.
शेवटी गच्चीला लावतात ते गळतीचं औषध, दोन हात.
आणि पायात सळई,
नाहीतर टेबललँडवरचा वारा
परीला थेट वाईत उतरवेल.

खंबाटा मॅडम पहिल्या वर्षी म्हणाल्या, रेणुका,
एकतीस ऑक्टोबरला मुलांची भुतांची रात्र,
एक बाई हवी कबरस्तानातल्यासारखी,
दगडी, पंखवाली,
रडणारी, पण फार नको.
मी हो म्हटलं.
आम्ही वडार. दगडाला नाही म्हणायची सवय नाही घरात.

लहानपणी वाईच्या आळ्यांतून मी अप्पांच्या पुढे पळायचे
टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ ओरडत.
मग मिक्सर आले.

अप्पा बघायला आले तेव्हा
चपला बाहेर काढल्या त्यांनी, का कोण जाणे.
बोटाच्या पेराने वाजवून बघितलं.
"हवाच की गं आत."
मग एका काखेत उचलली अख्खी बाई, पंखांसकट,
आणि खोकला लागेपर्यंत हसले.
"असला दगड आधी मिळता
तर कंबर राहिली असती माझी."

बसले मात्र संध्याकाळपर्यंत.
पाणी वरून खाली येतं, तू डाग आडवे मारलेस.
शेवाळ पश्चिमेच्या अंगाला, झड तिकडून येते. ताक लाव, आपोआप धरेल.
आणि दगड सरळ फुटत नाही पोरी,
शीर बघून फुटतो.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात.
हिला एक बसला असता तर
पांढरा भुगा उडाला असता खोलीभर.

हात काही जमेनात मला. पावासारखे फुगायचे.
शेवटी अप्पांच्याच हाताला खोबरेल चोपडलं,
हाडाच्या डॉक्टरकडच्या पट्ट्या गुंडाळल्या ओल्या.
"कढत व्हायला लागलंय," म्हणत ते बसून राहिले,
सुटल्यावर हात झटकून चहा प्यायले डाव्यानेच.
असा तो हात: जाड, पेरं सुजलेली,
अंगठ्याचं नख खाणीतल्या घणाने मधोमध चिरलेलं.
नाजूक चेहऱ्याखाली तो.
मॅडम म्हणाल्या, हात जरा मोठे नाही का झाले?
म्हटलं, दगड आहे, मॅडम.

त्या रात्री पोरं किंचाळली, व्हायची तेवढी पळापळ झाली.
चौथीतला एक मुलगा तेवढा
तो अंगठा मुठीत धरून उभा राहिला
फोटो संपेपर्यंत, आणि नंतरही थोडा वेळ.

दर सप्टेंबरात डागडुजी.
कान उंदराने खाल्लेला, पंखात लाल मुंग्या,
नाकावर फुटबॉल.
यंदा मदतीला सुफियान आहे, हात साफ पोराचा.
एम-सील मळून त्याने सगळ्या भेगा बुजवल्या,
पॉलिश पेपर मारला, रंग जुळवला.
अंगठाही भरला. गुळगुळीत.
छान झालंय, म्हटलं मी. छानच झालं होतं.

तो गेल्यावर खिळ्यावरची टाकी काढली.
चार वर्षं कुणी धार लावली नाही,
टोक अजून धरून आहे.
बाईचा हात मांडीवर घेतला
आणि हलक्या, अगदी टिचकीएवढ्या ठोक्यांनी
शीर शोधत बसले.

थर्माकोलला शीर नसते.
दिवा जरा जवळ ओढला.