शिरा

भिंत पाडायचीच आहे वर्षभरात.
सोसायटीच्या सभेत ठरलं, हात वर करून,
चहा-बिस्किटांनंतर.
तरी मी बोहरी आळीत गेले
आणि अर्धा लिटर पांढरा, पाव लिटर राखाडी,
चिमूटभर गेरू घेऊन आले,
मीटरवरून रिक्षावाल्याशी भांडत.
खालचे आगाशे जिन्यात म्हणाले,
मरायला टेकलेल्याला कशाला पावडर?

कर्वेनगर, तिसरा मजला, बारा बाय दहाची खोली.
एका भिंतीला मला संगमरवर हवा होता.
खरा परवडला नाही कधी.
परवडला असता तर वर कुणी चढवला असता?
चढवला असता तर हेच आगाशे म्हणाले असते,
लिफ्ट नाही आणि थाट बघा.

दुकानातल्या अब्बासभाईंनी बजावलं होतं:
रंग ताकासारखा पातळ करा, बाई,
इथं दाटपणाचं काम नाही.
शीर काढायची ती हात सैल सोडून.
सरळ गेली की तो नळ झाला, दगड नाही.

स्पंज नव्हता.
गच्चीवर वेलीलाच वाळलेलं घोसाळं होतं.
सोललं, झटकलं, बिया पसरल्या सगळीकडे,
तीच जाळी बुडवून भिंत टिपत गेले.
ओलं असतानाच कालच्या पेपरचा बोळा दाबला.
'पाहिजेत'मधला 'प' उमटला, उलटा.
राहू दिला.
मग कबुतराचं पीस.
वर्षभर गॅलरी घाण करतात,
एवढी तरी वसुली.

पण पीस राखाडीत बुडवलं आणि हात अडला.
शीर जाते कुठून कुठे?
मोबाईलवर दगडांचे फोटो पाहिले,
सगळे माझ्या भिंतीइतकेच खोटे.
दमून स्टुलावर बसले,
गाऊन गुडघ्यापर्यंत ओढला वाऱ्यासाठी,
आणि नमुना समोरच होता.
एकतीस वर्षं उभ्यानं भूगोल शिकवलेले पाय.
पोटरीवरून एक निळी निघते,
घोट्याशी घुटमळते, फाटे फोडते,
एक फाटा कातडीखाली बुडतो
तो वीतभर पुढे पुन्हा वर येतो.
डॉक्टरांनी यावर मोजे लिहून दिलेत.
मी पोरांना हेच दाखवायचे, पट्टी फिरवत:
ही घोड, ही भीमा,
आणि पट्टी उचलून, ही पुढे गेली.

नेमका तेव्हाच सांगलीहून ताईचा फोन.
काय करतेस?
शिरा काढतेय.
शिरा? सत्यनारायण आहे की काय?
केळं घालतेस ना?
तिला ऐकू कमी येतं.
घालते, म्हटलं.

चार दुपारी लागल्या.
कोरडा ब्रश फिरवून कडा विरवल्या,
वर वार्निशचे दोन हात.
खिडकीखाली एक खरा तडा होता, जुना.
बुजवला नाही. त्याच्यातूनच एक फाटा पुढे नेला.
तडा कुठं संपतो आणि मी कुठं सुरू होते
ते आता चष्मा लावूनही कळत नाही.

परवा बिल्डरकडून पोरगा आला मोजमापाला,
ऋग्वेद की काहीसं नाव.
टेप अर्ध्यात सोडून भिंतीपाशी थांबला,
तळहात टेकवला.
जानेवारीची सकाळ, त्यात वार्निश,
गार लागली असावी. मी श्वास धरून.
"काकू, हे मार्बल काढून नेणार का तुम्ही?
फॉर्मवर लिहावं लागेल."

लिही, म्हटलं, जागेवरच सोडणार.
त्यानं लिहिलं. स्पेलिंग विचारलं नाही.

मूळ प्रत कुठं आहे ते मी सांगितलं नाही.
त्याला पाणी दिलं,
तो गेल्यावर मोजे शोधले
आणि गुडघ्यापर्यंत ओढून घेतले, घट्ट.