ळ

सहावीपासून मी कालू.
हजेरीला मॅडम म्हणायच्या 'काले',
उरलेलं काम शेवटचा बाक करायचा.
लोकमान्य नगरच्या स्टॉपपर्यंत
तो शब्द माझ्यामागून चालत यायचा,
बस सुटली तरी.
आई म्हणाली, इंदूरची पोरं, चालायचंच.

दहावीत एका रात्री, पावणेबाराला,
खोटं नाव घेतलं.
एक मुळा, पांढराफेक,
त्याला ऋजुता मुळ्येच्या दोन वेण्या.
खाली लिहिलं : मूली.
तिच्यावर राग नव्हता.
फक्त ठाऊक होतं
कुठे दाबलं की दुखतं.

चाळीस जण हसले. मग सत्तर.
पांघरुणात फोन तापत गेला,
बी सेक्शनसुद्धा जागा झाला,
आणि कालू
त्या रात्री कुणालाच आठवला नाही.
इतकं हलकं मला
चार वर्षांत वाटलं नव्हतं.
खोटं कशाला बोलू.

आठवडाभर ती आली नाही.
मग आली, केस कापून.
वह्या वाटत वाटत
माझ्या बाकापाशी थांबली.
"काळे," म्हणाली, "तुझी भूगोलाची."

वर्गात माझा ळ
फक्त तिलाच यायचा.