तपासणी

घोले रोडच्या कलादालनात, बुधवारी दुपारी,
मी, पंख्याखाली पेंगणारा एक रखवालदार
आणि सहा फूट बाय पाच फूट तांबडं.
बाजूला चिठ्ठी: शीर्षक नाही. कॅनव्हासवर तैलरंग.
वैजयंता ओव्हाळ.

भाची म्हणाली होती, मामा, समजून घ्यायला जाऊ नको,
नुसतं बघ.

नुसतं बघ!
एकतीस वर्षं चिंचवडला दुसरं काय केलं?
पेंट शॉपच्या शेवटच्या टोकाला, ट्यूबलाइटच्या बोगद्यात
दर नव्वद सेकंदांना एक बॉनेट.
धुळीचा कण, ओघळ, संत्र्याच्या सालीसारखा पोत,
दिसला की मेणाच्या पेन्सिलीनं गोल.
गोल केला की गाडी परत.

सवयीनं आधी तिरपं पाहिलं, खिडकीच्या उजेडाशी डोळा लावून.
दारातून एकसंध वाटलेलं तांबडं
हातभर अंतरावर तसं नव्हतंच.
वर पातळ, कापडाची वीण दिसेल इतकं,
मध्ये दाट, तीन-चारदा फिरून आलेल्या हाताचं,
आणि त्याच्याखाली कुठंतरी हिरवं
दम धरून बसलेलं.
कडेला, खिळ्यांपाशी, चार बोटं कोरं कापड
त्यावर अंगठ्याचा अर्धा ठसा.

डोळे मिटले तर आतही हिरवं.
तांबड्या गाड्यांची बॅच असली की
कँटीनमधला भात मला हिरवट दिसायचा.
नोकरी जाईल म्हणून कुणाला बोललो नाही,
हिलासुद्धा नाही.
उघडले. परत तांबडं, पण मघाचं नव्हे.
खालचं हिरवं तिनं लावलेलं की मी घरून आणलेलं,
सांगता येईना.

मग सापडलं.
डाव्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर,
ब्रशचा केस. रंगात अडकून वाळलेला,
स्वल्पविरामासारखा वाकडा.
हात आपसूक खिशाकडे गेला.
खिशात पेन्सिल नाही, चार वर्षं झाली.

"काका, हात नका लावू," रखवालदार खुर्चीतूनच.
लावत नाही हो. एक केस राहिलाय इथं.
तो आला. वाकला. गुडघा कुरकुरला त्याचा.
"आठ दिवस समोर बसतोय," म्हणाला,
"मला वाटलं नुसतं तांबडं."

बाहेर जंगली महाराज रस्त्यावर
पीएमटीचा ब्रेक किंचाळला, कुणी कुणाला शिवी दिली.
आम्ही वाकलेलेच.

"थांबा," तो म्हणाला,
आणि जाऊन दुसरी ट्यूब लावून आला.